लोंबत्या नळीचा इतिहास

हिरो होंडाच्या जुन्या मोटरसायकलचं एअर फिल्टरचं खोकं खालून पाहिलं, तर तिथे बोटभर लांबीची एक नळी दिसते. तिच्या खालच्या तोंडाला बूच असतं. आत कधी दुधाळ, तर कधी तपकिरी पाणी साचलेलं असतं आणि त्याला पेट्रोलचा आणि जळक्या तेलाचा वास येतो. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत या नळीचा उल्लेख असतो: बूच काढा, साचलेलं पाणी काढून टाका. पावसात चालवली असेल, फुल थ्रॉटलवर पळवली असेल किंवा नुकतीच धुतली असेल, तर हे काम लवकर करा. पुस्तिका कपाटात राहते, नळी फिल्टरखाली राहते आणि दोघींकडे कुणी फारसं बघत नाही.

तिच्याकडे लक्ष जातं ते फिल्टर बदलताना. हौशी मालक कंपनीचं खोकं काढतो आणि कार्ब्युरेटरच्या तोंडावर थेट शंकूच्या आकाराचा, जाळीदार फिल्टर बसवतो. गाडीचा आवाज बदलतो, पिकअप वाढल्यासारखा वाटतो. पण खोक्याबरोबर आणखी एक गोष्ट सुटलेली असते. इंजिनाच्या क्रँककेसमधून निघून त्या खोक्यात शिरणारी एक जाड रबरी नळी आता अधांतरी लोंबत असते. तिला गॅरेजात ब्रीदर पाइप म्हणतात. तिचं काय करायचं, हा प्रश्न जगभरच्या मोटरसायकलवाल्यांपुढे गेली पन्नास वर्षं उभा आहे. त्याआधी तो नव्हता. तो का नव्हता आणि नंतर कुठून आला, हे पाहायचं तर थोडं इंजिनाच्या पोटात उतरावं लागतं.

चार-स्ट्रोक इंजिनाच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीत, दाब दोन कारणांनी तयार होतो. पहिलं कारण बहुतेकांना माहीत असतं. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळत्या वायूचा थोडा अंश त्यांना चुकवून पिस्टनखाली उतरतोच. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, कार्बन डायऑक्साइड असतो आणि पाण्याची वाफ तर भरपूर असते, कारण लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. रिंगा झिजत जातात तसा हा वायू वाढत जातो.

दुसरं कारण नव्याकोऱ्या इंजिनालाही लागू असतं. पिस्टन खाली येताना आपल्याखालची हवा ढकलतो आणि वर जाताना ओढतो, सायकलच्या पंपासारखा. जुन्या ३५० सीसी बुलेटचा हिशेब करून पाहावा. बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर, म्हणजे ३४६ घन सेंटिमीटर. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर पिस्टन सेकंदाला ५० वेळा खाली येतो. क्रँककेस सताड उघडा ठेवला, तर सेकंदाला सतरा लिटरहून जास्त हवा बाहेर जाईल आणि तेवढीच परत आत येईल. जाताना ती तेलाचे थेंब नेईल, येताना रस्त्यावरची धूळ आणेल. उलट, क्रँककेस पूर्ण बंद केला तर रिंगांतून उतरलेल्या वायूला जागाच उरणार नाही. तो ऑइल सील ढकलेल, पॅकिंगमधून वाट काढेल, आणि इंजिन बाहेरून तेलाने माखेल.

म्हणजे वायू बाहेर जाऊ द्यायचा, पण परत आत येऊ द्यायचा नाही. मोटरसायकल बनवणाऱ्यांनी हे कोडं फार लवकर ओळखलं होतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या गाड्यांत तर तेल परत टाकीत आणण्याची सोयच नव्हती. चालकाने टाकीजवळचा हातपंप अधूनमधून दाबायचा आणि थोडं ताजं तेल क्रँककेसमध्ये सोडायचं. ते तेल बेअरिंगांना लागायचं, सिलिंडरवर उडायचं, काही जळून जायचं आणि उरलेलं वाफेबरोबर बाहेर पडायचं. तेल एकदाच वापरायचं असल्यामुळे क्रँककेसमधून ते किती उडतं, याची चिंता कुणाला नव्हती. रस्ते कच्चे होते आणि चालकाच्या कपड्यांवर तेलाचे डाग पडणं गृहीत होतं.

पुढे तेल टाकीतून इंजिनात आणि इंजिनातून परत टाकीत फिरवणारे पंप आले. आता तेच तेल पुन्हा पुन्हा वापरायचं होतं, म्हणून ते उडवून चालणार नव्हतं. ब्रिटिश आणि अमेरिकी कारखान्यांनी यावर काढलेला उपाय सुबक होता. एडवर्ड टर्नरने रचलेली ट्रायम्फ स्पीड ट्विन १९३७ साली बाजारात आली. तिचे दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर जात आणि एकाच वेळी खाली येत, त्यामुळे दोघांनी मिळून ढकललेल्या हवेचा झटका मोठा असे. ट्रायम्फच्या या ट्विन इंजिनांत इनटेकच्या कॅमशाफ्टच्या टोकाला एक छोटी फिरती तबकडी बसवलेली असे. तिच्यातलं भोक बरोबर पिस्टन खाली येण्याच्या वेळी उघडायचं आणि वर जायच्या वेळी बंद व्हायचं. वायू बाहेर पडायचा, हवा परत शिरायची नाही आणि क्रँककेसमध्ये थोडा कमी दाब टिकून राहायचा. कमी दाबामुळे सांध्यांतून तेल पाझरणं कमी व्हायचं.

हार्ले-डेव्हिडसनचीही तीच गरज होती. तिच्या ४५ अंशांच्या व्ही-ट्विनमध्ये दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर असतात, त्यामुळे दोन्ही पिस्टन जवळजवळ बरोबरच खाली येतात. १९३६ च्या नकलहेड इंजिनापासून कंपनीने मोठ्या इंजिनांत गिअरवर फिरणारी ब्रीदर झडप वापरली. ही परंपरा १९९० च्या दशकात इव्होल्यूशन इंजिनापर्यंत चालली.

या झडपांतून बाहेर पडलेला वायू जायचा कुठे? नळीतून खाली, रस्त्यावर. काही गाड्यांत नळीचं तोंड मागच्या चेनकडे वळवलेलं असे, म्हणजे वाफेबरोबर आलेल्या तेलाने चेन ओली राहायची. ट्रायम्फने १९७० च्या मॉडेलांपासून ती फिरती तबकडीच काढून टाकली. तिच्या जागी डाव्या मेन बेअरिंगजवळ तीन बारीक भोकं ठेवून क्रँककेसचा वायू शेजारच्या प्रायमरी चेनकेसमध्ये सोडला. तिथे तेल खाली बसायचं, प्रायमरी चेनला मिळायचं, आणि उरलेली वाफ चेनकेसच्या मागच्या बाजूने निघालेल्या जाड नळीतून मागच्या मडगार्डकडे जायची. फिल्टरशी तिचा काही संबंध नव्हता.

इथेच या सगळ्या गोष्टीची किल्ली आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरच्या एस कॅफेसमोर गाड्या लावणारी पोरं फिल्टर सर्रास काढून टाकत. अमल कंपनीच्या कार्ब्युरेटरच्या तोंडावर नुसता ॲल्युमिनियमचा भोंगा असे, कधी तोही नसे. सिलिंडर लवकर झिजत, पण ब्रीदरचा प्रश्न कुणाला पडत नसे, कारण ब्रीदर फिल्टरला जोडलेलाच नव्हता. तो आपला वेगळा, खाली रस्त्याकडे तोंड करून मोकळा होता.

ब्रीदर आणि फिल्टर यांची गाठ बांधली ती यंत्रशास्त्राने नव्हे, लॉस एंजेलिसच्या हवेने.

१९४३ च्या उन्हाळ्यात त्या शहरावर डोळे चुरचुरवणारं दाट धुकं पसरलं. युद्ध चालू होतं, त्यामुळे हा रासायनिक हल्ला असावा असंही काहींना वाटलं. पुढची काही वर्षं कारखाने, तेलशुद्धीकरण आणि कचरा जाळणाऱ्या भट्ट्या यांच्याकडे बोटं दाखवली गेली. मग कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या आरी हागन-स्मिट या डच जीवरसायनतज्ज्ञाने त्यात लक्ष घातलं. तोवर त्याचा अभ्यास अननसाच्या वासातल्या रसायनांचा होता. हवेतले सूक्ष्म पदार्थ पकडण्याची तीच पद्धत वापरून त्याने दाखवलं की न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की हे धुकं तयार होतं, आणि त्यांचा मोठा स्रोत मोटारी आहेत.

मोटारींतून हायड्रोकार्बन बाहेर पडतात ते फक्त सायलेन्सरमधून, अशी सर्वसाधारण समजूत होती. मोजमाप सुरू झाल्यावर क्रँककेसचा वाटा लक्षात आला, आणि तो थोडाथोडका नव्हता. त्या काळच्या मोटारींत क्रँककेसमधून एक नळी खाली रस्त्याकडे जायची. चालत्या गाडीखालच्या वाऱ्याने तिच्यातून वाफ ओढली जायची. इतकी साधी वस्तू बदलणंही सोपं होतं. नळी रस्त्याऐवजी इंजिनाच्या हवेच्या वाटेला जोडली की ती वाफ पुन्हा सिलिंडरमध्ये जाऊन जळते. दुसऱ्या महायुद्धात पाण्यातून चालवायच्या लष्करी गाड्यांवर अशी बंद व्यवस्था वापरली गेली होतीच. १९६१ च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींवर ती बसू लागली आणि १९६३ पर्यंत अमेरिकाभर पसरली. मोटारींच्या प्रदूषणावरचा हा पहिला उपाय. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या कितीतरी आधी आलेला, स्वस्त आणि आजही प्रत्येक पेट्रोल गाडीवर असलेला.

मोटरसायकलींना अजून कुणी विचारलं नव्हतं. पण जपानी कंपन्यांचा मोठा ग्राहक अमेरिकेत होता आणि वारं कुठून वाहतंय हे त्यांना दिसत होतं. कावासाकीने १९७२ साली ९०३ सीसीची झेड-१ आणली. तिच्या क्रँककेसच्या डोक्यावर तेल वेगळं करणारी एक छोटी पेटी होती आणि तिथून निघालेली नळी सरळ एअर फिल्टरच्या खोक्यात जात होती. कावासाकीने जाहिरातींतही ही गोष्ट मिरवली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने मोटरसायकलींसाठी पहिले उत्सर्जन नियम १९७८ च्या मॉडेलांपासून लागू केले. १९८० च्या मॉडेलांसाठीच्या नियमांत एक कलम अगदी स्वच्छ होतं: नव्या मोटरसायकलच्या क्रँककेसमधून कुठलाही वायू बाहेरच्या हवेत सोडायचा नाही. कमाल मर्यादा नाही, टक्केवारी नाही, थेट शून्य.

त्या दिवसापासून एअर फिल्टरच्या खोक्याला तीन कामं झाली. बाहेरून येणारी हवा गाळायची, कार्ब्युरेटरपुढे ती शांत करायची आणि क्रँककेसचा उच्छ्वास पोटात घ्यायचा. खोक्याखालची ती बूच लावलेली नळी हा याच तिसऱ्या कामाचा हिशेब. वाफ खोक्यात येते, थंड होते, पाणी आणि तेल खाली बसतं आणि बुचापाशी साचतं.

नेमक्या याच वर्षांत खोकं फेकून देण्याची फॅशनही जोरात आली. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड शहरात केन जॉन्सन आणि नॉर्म मॅकडोनाल्ड हे दोघं मोटरसायकलींचं दुकान चालवत. १९६९ पासून ते तेल लावलेल्या सुती जाळीचे, धुऊन पुन्हा वापरता येणारे फिल्टर विकू लागले. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरं म्हणजे आजचं के अँड एन. हे फिल्टर धुळीच्या शर्यतींत आधी रुजले आणि मग रस्त्यावर उतरले. चार कार्ब्युरेटर असलेल्या गाडीवर चार छोटे शंकू बसवले की खोकं काढता यायचं, मधली जागा मोकळी व्हायची, कार्ब्युरेटर उघडे दिसायचे. आजच्या कस्टम गाड्यांमध्ये ज्या रिकाम्या चौकटीची हौस असते, तिचं मूळ इथे आहे.

चारचाकीवाल्यांना जे करायची वेळ फारशी आली नाही ते मोटरसायकलवाल्यांना करावं लागलं: कायद्याने बांधलेली गाठ घरच्या अंगणात सोडायची आणि सुटलेल्या टोकाचं काहीतरी करायचं. तेव्हापासून जे उपाय चालत आले ते मोजून चार आहेत. नळी लांब करून, आधी वर चढवून मग मागे नेऊन चौकटीखाली सोडायची. नळीच्या तोंडावर अंड्याएवढा छोटा फिल्टर लावायचा. मध्ये तेल साठवणारा डबा, म्हणजे कॅच कॅन, बसवायचा. किंवा नळीत एकदिशा झडप घालायची, जी वायू बाहेर सोडते पण आत घेत नाही.

यांतला कुठला चालेल हे फिल्टरवर ठरत नाही, क्रँकवर ठरतं. होंडा सीबी-७५० किंवा कावासाकी झेड-१ सारख्या चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन खाली येतात तेव्हा दोन वर जातात. क्रँककेसमधली एकूण जागा जवळजवळ तेवढीच राहते, हवा आतल्या आत इकडून तिकडे सरकते. बाहेर येतो तो फक्त रिंगांतून उतरलेला वायू, म्हणजे मंद झुळूक. तिला नळीच्या तोंडावरचा छोटा फिल्टर पुरतो. म्हणूनच अमेरिकेत चार सिलिंडरच्या जपानी गाड्यांवर हा उपाय रुळला.

पण तोच छोटा फिल्टर यामाहा एक्सएस-६५० वर लावला की मालकाची पँट तेलाने भिजते. ती दिसायला जपानी, पण क्रँक ब्रिटिश वळणाचा: दोन्ही पिस्टन बरोबर वर, बरोबर खाली. कंपनीचं खोकं असताना त्या झटक्यांना पोकळ जागा मिळत होती. खोकं गेलं की प्रत्येक फेरीला तेलाचा तुषार बाहेर आणि बाहेरची हवा आत. एक्सएस-६५० कस्टम गाड्यांच्या जगात फार लोकप्रिय, म्हणून तिच्या मालकांनी जुन्या ट्रायम्फचा धडा नव्याने गिरवला. पातळ पोलादी पात्यांची रीड झडप नळीत बसवायची की झालं. काहींनी त्यासाठी मोटारीच्या ब्रेक बूस्टरची एकदिशा झडप वापरली, कारण ती भंगारात स्वस्त मिळते आणि नळीच्या मापाला बसते. या जुगाडामागचं तत्त्व मात्र १९३७ च्या फिरत्या तबकडीचंच.

हार्लेवाल्यांची कथा थोडी वेगळी. १९९० च्या दशकात कंपनीने ब्रीदर क्रँककेसवरून सिलिंडर हेडवर आणला. हेडमधून निघालेले पोकळ बोल्ट एअर फिल्टरच्या पाठीमागची तबकडी धरून ठेवतात आणि त्याच बोल्टांतून इंजिनाची वाफ फिल्टरमध्ये जाते. १९९९ च्या ट्विन कॅम इंजिनात फिरत्या गिअरऐवजी रॉकर बॉक्समध्ये छोट्या रबरी झडपा आल्या. परिणाम असा की हार्लेवर बाहेरचा फिल्टर बसवायचा तर हे दोन बोल्ट कुठेतरी जोडावेच लागतात; ते फिल्टर धरून ठेवणारे बोल्टही आहेत. ज्यांनी ते नीट जोडले नाहीत त्यांच्या गाडीची उजवी बाजू तेलकट होते. आज अमेरिकेत फिल्टरच्या जोडीला ब्रीदरचा स्वतंत्र संच विकला जातो, तो यामुळेच.

शर्यतीच्या मैदानावर हा प्रश्न आवडीनिवडीचा राहिलेला नाही. वळणावर सांडलेलं तेल मागून येणाऱ्याचा जीव घेऊ शकतं. म्हणून आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाच्या, म्हणजे एफआयएमच्या, रोड रेसिंगच्या नियमांत ब्रीदर नळीला डबा सक्तीचा झाला: इंजिनासाठी किमान ५०० सीसी, गिअरबॉक्ससाठी किमान २५० सीसी.

भारतात हा सगळा इतिहास उलट्या क्रमाने घडला. स्वातंत्र्यानंतरची कितीतरी वर्षं इथल्या दुचाकी मुख्यतः टू-स्ट्रोक होत्या. म्हैसूरची जावा आणि येझदी, एस्कॉर्ट्सची राजदूत, १९७२ साली आलेली पुण्याची बजाज चेतक आणि त्याच वर्षीची अहमदनगरच्या कायनेटिक इंजिनीअरिंगची लूना, १९८५ ची यामाहा आरएक्स-१००. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो. पिस्टन वर जाताना पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमध्ये ओढतो आणि खाली येताना सिलिंडरमध्ये ढकलतो. तिथे ब्रीदर नसतोच. उलट क्रँककेस जितका घट्ट, तितकं इंजिन चांगलं. क्रँकचं सील जरा फाटलं की गाडी किक मारमारूनही सुरू होत नाही, हे गल्लीतल्या मिस्त्रीला पाठ होतं. आरएक्स-१०० चा फिल्टर काढून कार्ब्युरेटरचा जेट बदलणाऱ्याला ब्रीदरचा विचार करायची वेळच आली नाही.

अपवाद होता बुलेटचा. लष्कराच्या मागणीनंतर १९५५ साली मद्रास मोटर्सने इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एनफिल्डबरोबर एनफिल्ड इंडिया ही कंपनी स्थापन केली आणि तिरुवोट्टियूरला बुलेट बनू लागली. या जुन्या बुलेटचं तेल वेगळ्या टाकीत नसून क्रँककेसच्याच ओतकामात, मागच्या कप्प्यात असतं. ब्रीदरच्या टोकाला चपट्या चोचीची एक रबरी नळी असते, तिला 'डकबिल' म्हणतात. आतून दाब आला की चोच उघडते, आतून ओढ आली की ओठ मिटतात. इतकी साधी झडप, पण काम तेच. गाडी आठवडाभर उभी राहिली की कप्प्यातलं तेल हळूहळू खाली क्रँकजवळ झिरपतं आणि सुरू करताना ते ब्रीदरमधून बाहेर येतं. बुलेट उभी असलेल्या जागेवरच्या काळ्या डागाचं हे एक कारण. पुढच्या मॉडेलांत कंपनीने एक नळकांडं बसवलं. क्रँककेसची वाफ त्यात येते, तेल-पाणी खाली बसतं आणि उरलेला वायू फिल्टरच्या खोक्यात जातो. रबरी चोच जुनी होऊन कडक झाली, चिरली किंवा सैल पडली, की बुलेट सांध्यासांध्यांतून तेल गाळू लागते. त्यावर नवं पॅकिंग आणि भरपूर शेलॅक लावून घेणारे मालक पुष्कळ, आणि स्वस्तातली चोच बदलून पाहणारे थोडे.

चार-स्ट्रोक गाड्या घराघरांत आल्या त्या १९८५ च्या हिरो होंडा सीडी-१०० पासून. २००१ साली बजाज पल्सर आली आणि गाडी सजवण्याची, फिल्टर-सायलेन्सर बदलण्याची हौस तरुणांत पसरली. तोवर बंद ब्रीदर हा भारतीय गाड्यांचाही भाग झाला होता. दुचाकींसाठी उत्सर्जनाचे पहिले राष्ट्रीय नियम १९९१ चे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या उत्सर्जन मानकांच्या चाचण्यांत 'टाइप ३' नावाची एक स्वतंत्र चाचणी आहे, ती फक्त क्रँककेसच्या वायूंची. अशा चाचण्या घेऊन नव्या मॉडेलांना मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी एक पुण्यातच आहे: वेताळ टेकडीवरची, १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय. गाडीला प्रमाणपत्र मिळतं ते तिच्या खोक्यासकट आणि नळीसकट.

आता गोची अशी की आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकली एका सिलिंडरच्या आहेत आणि फिल्टर बदलण्याविषयीचं बरंचसं ज्ञान परदेशातल्या चार सिलिंडरच्या गाड्यांवरून आलं आहे. नळीच्या तोंडावर चकचकीत छोटा फिल्टर लावायचा सल्ला तिथे बरोबर होता. एका सिलिंडरच्या इंजिनाची नळी मात्र खरोखर श्वास घेते आणि सोडते. आत झडप असेल, तर बाहेर येतो तो तेलाचा तुषार. झडप नसेल, तर प्रत्येक फेरीला त्या छोट्या फिल्टरमधून बाहेरची हवा आत ओढली जाते. तेलाने भिजलेला तो फिल्टर महिन्याभरात धुळीने थापून जातो आणि मग क्रँककेसचा दाब सीलवर येतो. नळी नुसती खाली सोडून दिली, तर दुसराच धोका: तिचं तोंड मागच्या टायरसमोर आलं की तेलाचे थेंब टायरवर पडतात आणि पहिल्या पावसात वळणावर त्याची किंमत कळते. नळीचं तोंड बुचाने बंद करणं हा सगळ्यांत वाईट उपाय, आणि तो करणारेही भेटतात.

ज्याला शंकू बसवायचाच आहे त्याच्यासाठी इतिहासाने उत्तर तयार ठेवलेलं आहे. नळीत एकदिशा झडप, पुढे आत जाळी किंवा आडवे पडदे असलेला किमान अर्ध्या लिटरचा डबा, डब्यातून निघणारी नळी पुन्हा शंकूच्या मागच्या, कार्ब्युरेटरकडच्या बाजूला जोडलेली, आणि डबा दर महिन्याला रिकामा करायची सवय. पावसाळ्यात महिन्यातून दोनदा. नळी इंजिनापासून आधी वर चढलेली असावी, म्हणजे थंड झालेलं तेल परत क्रँककेसमध्ये ओघळतं. कार्ब्युरेटरचा मेन जेट त्याच वेळी तपासावा, कारण खोकं गेल्यावर हवा-पेट्रोलचं प्रमाणही बदललेलं असतं. एवढं सगळं केल्यावर मिळणारा पिकअप आणि झालेला खर्च यांचा मेळ बसतोच असं नाही. अनेक इंजिनांत कंपनीचं खोकं हे आवाज दाबण्याइतकंच खालच्या आरपीएमवरचा जोर टिकवण्यासाठी बनवलेलं असतं.

पीयूसी केंद्रावर यातलं काही दिसत नाही. तिथे सायलेन्सरमध्ये नळी घालून आयडलिंगवरचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. ब्रीदर कुठे उघडतो हे कुणी विचारत नाही. त्यामुळे क्रँककेस उघड्यावर सोडलेली गाडी आरामात पास होते. ही नळी तपासणारा आपल्याकडे एकच माणूस उरतो, तो म्हणजे गाडीचा मालक. फिल्टर बदलायला गाडी गॅरेजात लावाल तेव्हा मिस्त्रीला दोन गोष्टी आधी सांगा: ब्रीदरची नळी कुठे जोडणार ते दाखव, आणि काढलेलं मूळ खोकं भंगारात देऊ नकोस, घरी घेऊन जायचंय.